पाचवं रीळ

सावद्याला, स्टेशनरोडच्या शीतगृहात
चार नंबरच्या खोलीत केळी ठेवत नाहीत.
तिथे चौतीस डबे आहेत,
पत्र्याचे, गोल, काही पोचे आलेले,
टोपल्यात भाकरी रचाव्यात तसे एकावर एक.
भाडं वर्षाला शंभर रुपये
आणि कुमुद फेगडेंना पंख्याखालची खुर्ची,
असं मी वहीत लिहिलंय. मी चिटणीस आहे.
मंडळाचे सभासद अकरा. वर्गणी भरणारे सात.

तापमान तेरा अंश. केळीला तेवढं पुरतं.
फिल्मला याहून थंड हवं, असं कुणीतरी पत्रात कळवलं होतं.
सुभान तडवी म्हणाले, "थंडीच पाह्यजे
तर स्वेटर घाला तिले."
ते महिन्यातून एकदा येतात, पालहून, एसटीने.
डबा उघडतात, नाक आत घालतात,
वैद्याने जीभ पाहावी तसे.
आंबट वास म्हणजे फिल्म जायला लागली.
नसेल तर झाकणावर खडूचं टिंब.
एका नाकावर चाललंय आमचं सगळं संग्रहालय.

रविवारी जिनिंगच्या गोदामात पडदा लावतो.
सरकीचा वास. पडद्याला मधोमध शिवण.
माणसाचा चेहरा जवळून आला
की शिवण बरोब्बर नाकावरून जाते.

एका सिनेमाची रिळं नऊ. आमच्याकडे आठ.
चौथं संपलं की दिवा लागतो
आणि सुभानभाई मशीनमागून पुढे येतात,
फडक्याला हात पुसत,
आणि पाचवं सांगतात.

सांगतात, की ती बाई विहिरीवर जाते.
पुढल्या वर्षी: विहिरीवर नाही, कोर्टात.
एकदा तापीला पूर आला,
एकदा बैल बोलला.
त्यांची हमिदा गेली त्या साली
नुसतेच उभे राहिले, दिव्याभोवती चिलटं,
मग म्हणाले, "पाचव्यात ती मरत नाही. बस."
आणि सहावं लावलं.
सहाव्यात ती हसत दार उघडते.
कुठूनही आलेली असो,
ते हसणं बरोबर बसतं.

गेल्या चैत्रात पाचवं सापडलं.
भुसावळला, भंगारात. किलोवर घेतलं.
डब्यावर भलत्याच सिनेमाचं नाव, आत हेच.
कडेची भोकं फाटलेली.
सुभानभाईंनी तीन रात्री बसून चिकटवलं.
मग दार लावून पाहिलं, अकराच्या अकरा जणांनी.

दहा मिनिटं.
बाई स्टेशनातल्या बाकावर बसलीय.
गाडी येत नाही.
एक कुत्रं येतं, जातं.
ती पदराची गाठ सोडते, परत बांधते.
संपलं.

भारंबे मास्तर म्हणाले, "ग्रेट आहे."
जरा वेळाने म्हणाले, "आहे ना?"
सुभानभाई रीळ उलटं गुंडाळत होते, हाताने.
"हे नाही," म्हणाले.
"हे ते नाही."

ठराव आणावा लागला.
जे आहे ते दाखवावं: चार मतं.
दिवा लावावा: सहा.
कुमुदताईंनी हात वर करताना विचारलं,
पण ते कुत्रं कुणाचं?
याची नोंद घेतलेली नाही.
एक तटस्थ, म्हणजे मी; पेन माझ्या हातात होतं.
पाचवं रीळ पस्तीस क्रमांकाने दाखल,
झाकणावर टिंब,
खोली चार, खालची फळी.

तर रविवारी अजूनही दिवा लागतो.
फक्त सुभानभाईंच्या गोष्टीत अलीकडे
कोर्टाच्या पायरीवर, विहिरीच्या काठाला,
कुठूनतरी एक कुत्रं येऊ लागलंय.
मी म्हटलं तर नाही म्हणतात.

काल पस्तीसचं टिंब त्यांनी बोटाने पुसलं.
मी विचारलं, आंबट?
"थोडंसं. कैरीइतकं."
बाहेर ट्रकमध्ये हिरवे घड भरणं चाललं होतं,
हमाल मोजत होते, मोठ्याने,
आणि त्यांनी झाकण लावायच्या आधी
पुन्हा एकदा वास घेतला.